चिमटा काढला की नापास

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एखादे सडपातळ गृहस्थ तुमच्या हातात स्वतःचा मोबाईल देऊन "वायच एवढं वाचून दाखवता?" म्हणाले, तर घाबरू नका. ते विमा विकत नाहीत आणि चष्माही घरी विसरलेले नाहीत. खुशाल वाचा. फक्त अक्षरं मोठी करायला तुमची दोन बोटं स्क्रीनवर गेली, की ते मोबाईल काढून घेतील, "चिमटा काढलात. नापास," म्हणतील आणि शेजारच्या प्रवाशाकडे वळतील. वाईट वाटून घेऊ नका. नापास तुम्ही नाही, मी झालेला असतो.

हे जाधव गुरुजी. मूळचे मंडणगडकडचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त, सध्या रत्नागिरीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर. मी नुकताच दुसऱ्या मजल्यावर राहायला आलोय आणि तिथूनच वेबसाइट बनवतो. बनवतो हा शब्द माझ्या बाबतीत दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावा.

गुरुजींनी त्यांच्या वाडीचा इतिहास लिहिला होता. धर्मांतरानंतर वाडीने काय काय उभं केलं, स्वतःची विहीर, बुद्धविहार, शाळेची वाट, मुंबईला पहिल्यांदा कोण गेलं, सगळं. छापला असता तर उशाला घेता आला असता. वाडीच्या मंडळाच्या मुंबई शाखेने तो वेबसाइटवर टाकायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं.

मी तो स्मरणिकेसारखा दोन रकान्यांत मांडला, जसाच्या तसा वर चढवला आणि मुंबईच्या सभेत भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, "एकदम हेवी दिसतंय." वाचला कोणीच नाही, पण वेबसाइट मंजूर करण्यासाठी ती वाचावी लागते असं कुठल्याच मंडळाच्या घटनेत नसतं.

इकडे मात्र पडदा तळहाताएवढा. दुसऱ्याच दिवशी गुरुजी जिना चढून वर आले.

"वेबवाले, डावा रकाना उतरलो. आता उजव्यासाठी परत वर चढायचं काय? माझे गुडघे मोबाईलवर पण दुखायला लागले."

"दोन बोटांनी मोठं करायचं की, गुरुजी."

हे मी बोलायला नको होतं. तेव्हापासून चिमटा हा त्यांचा वैरी.

मी सगळं मोडून पुन्हा बांधलं. स्क्रीन लहान झाली की मजकूर आपोआप एकाखाली एक येईल, असं छाती फुगवून सांगितलं. आला. पण डावीकडे फोटो आणि उजवीकडे त्यांची माहिती अशी माझी रचना होती. मोबाईलवर आधी सगळे फोटो आले आणि त्यांच्याखाली सगळी माहिती. शेवटचा फोटो मंडळाच्या अध्यक्षांचा, आणि त्याच्या बरोब्बर खाली माहितीची पहिली ओळ: "ही वाडीची जुनी विहीर. सध्या गाळ साचला आहे."

मी माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर बघितलं, सगळं ठीक होतं. अध्यक्षांनी मोबाईलवर बघितलं. फोनवर ते काय बोलले ते सोडून देऊ. गुरुजींनी मात्र माझी बाजू घेतली. "माहिती चुकलेली नाही," ते अध्यक्षांना म्हणाले, "जागा चुकली."

मग त्यांनी मला हाताखाली घेतलं. परिच्छेद एवढाच, की अंगठ्याने एकदा ढकलला की दुसरा समोर यावा. वाचताना झोप लागली तर उठल्यावर त्याच ओळीवर पान उघडावं. प्रकरणाच्या नावाला बोट लावलं की तिथे पोचावं. इथपर्यंत शहाणपण होतं. पुढे अक्षरं एवढी वाढवून घेतली की 'मंडणगड' दोन ओळींत मावायला लागलं. आणि त्यांची स्वतःची वाक्यं? पावसाळ्यात सुरू झालेलं वाक्य शिमग्याला संपायचं. त्यातलं एक तोडू या म्हटलं, तर थोरल्या मुलाला वेगळी चूल मांडायला सांगितल्यासारखं माझ्याकडे बघत राहिले.

"शब्दाला हात लावायचा नाही. आणि बटणं सगळी डाव्या कडेला घे."

"लोक उजव्या हाताने वापरतात, गुरुजी."

"लोकांचं लोक बघतील. आमच्या घरात एक वाचक आहे. तो शेवटपर्यंत पोचला पाहिजे. बाकी सगळं जग नापास झालं तरी चालेल."

मी मनात हसलो. असा एक वाचक प्रत्येक लेखकाच्या घरात असतो आणि सकाळी आरशात दिसतो.

परवा शेवटची दुरुस्ती दाखवायला खाली गेलो. गुरुजी कुठूनतरी नुकतेच आलेले, पण आपल्याच दारात उपऱ्यासारखे उभे होते. मला त्यांनी हातानेच थांबवलं.

आत खिडकीशी खुर्चीत जाधवकाकू बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो, त्या बाहेर येत नसत. अंगावरून वारं गेलेलं. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. मोबाईल डाव्या हातात, आणि त्याच हाताचा अंगठा सावकाश वर सरकत होता. माझी एकेक मेहनत तो अंगठा ढकलत होता.

"मी वाचून दाखवतो म्हटलं तर नको म्हणते," गुरुजी कुजबुजले. "म्हणते, तुम्ही वर्गाला वाचता, मला नाही." मग म्हणाले, "आजारपणापासून कशात मन नाही तिचं. काही विचारलं की म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. एवढ्या संसारात हे वाक्य मी ऐकलं नव्हतं रे."

अंगठा थांबला. थोडा मागे आला. पुन्हा थांबला.

"अवो," आतून हाक आली. जीभ जड होती, पण आवाजाला धार होती. "विहाराच्या पायाचा पयला दगड तुमच्या दादांनी नाय आणलान. दादा त्या दिवशी दापोलीला होते. मी आणला, डोक्यावरून. काय वाट्टेल ते लिवता. खोडा ते."

"आलो, आलो. कुठली ओळ?" म्हणत गुरुजी चपला न काढताच आत गेले.