आफ्राकोमा आजींची कोरी यादी

सोमवारी दहा वाजता आफ्राकोमा आजी स्वतःच्या अंत्यविधीची पुस्तिका तपासायला येणार होत्या, आणि नऊ वाजता यॉ डार्कोनं ती पुसून टाकली.

मुद्दाम नाही. कुमासी शहराच्या बाजारामागं त्याचं 'देवाची वेळ' नावाचं छपाईचं दुकान होतं. अंत्यविधीचे फलक, पुस्तिका, त्यात मानानुसार छापायच्या शोकाकुलांच्या याद्या, सगळं तिथं होई. संगणक इतका मंद की, दुकानाचं नाव त्याच्यावरूनच पडलं असावं, असं गिऱ्हाइकं म्हणत. शेवटी जुनी हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली, तेव्हा बायकोचा भाऊ अट्टा म्हणाला, "दाजी, नवी घ्या. विंडोजसकट सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवता येतं. मी देतो त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. फक्त कुठून कुठं, तेवढं नीट बघा."

डार्कोनं त्याच कंपनीची, त्याच मापाची डिस्क आणून जोडली. पडद्यावर दोन ओळी आल्या, दोन्ही एकसारख्या. जुनी कोणती? वीस वर्षं शोकाकुलांच्या याद्या लावलेल्या माणसाला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. यादीत वडीलधारं आधी, धाकटं मागून. म्हणजे वरची ओळ जुन्या डिस्कची! त्यानं बिनधास्त बटण दाबलं. संगणकाला मात्र मोठ्यांचा मान ठेवायचं वळण नव्हतं. वर होती ती नवी, आणि तिच्यातलं रिकामपण आता जुनीवर उतरू लागलं. थोड्या वेळानं वीज गेली, परत आली, पण संगणक काही उठेना.

"दाजी, कोऱ्या पाटीवरून भरलेली पाटी कोरी केलीत की हो!" अट्टा फोनवर ओरडला. "आता कशाला हात लावू नका. जुनी डिस्क माझ्याकडे पाठवा. पण आशा धरू नका."

बाकी कामांची चिंता नव्हती. ती सगळी माणसं छापून, पुरून झाली होती. राहिल्या होत्या त्या फक्त आफ्राकोमा आजी. वय त्र्याऐंशी, तब्येत ठणठणीत. बहिणीच्या फलकावर घरच्यांनी एक डोळा मिटलेला फोटो लावला, तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. आपले सगळे फोटो जाळून त्यांनी एकच ठेवला होता, पन्नाशीतला, कानात मोठे सोन्याचे डूल घालून खळखळून हसतानाचा. तो डार्कोनं संगणकात घेतला आणि पुढं कागदाचा वाळवीनं फडशा पाडला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आजी येत, फोटो डोळे भरून बघत आणि मग यादी दुरुस्त करत. गेल्या महिन्यात चर्चमध्ये भाच्यानं, बाफूरनं, नमस्कार केला नाही म्हणून त्याला दुसऱ्या जागेवरून अकराव्यावर ढकललं होतं.

दहाच्या ठोक्याला आजी दारात हजर झाल्या.

"आजी, आज नको," डार्को हात चोळत म्हणाला. "वीज गेलीय."

आजींनी वर बघितलं. "मग हा पंखा कुणाच्या पुण्याईनं फिरतोय?"

"म्हणजे… संगणक आजारी आहे."

"आजारी की गेला? खरं सांग मेल्या. माझ्यापासून काय लपवतोस, मी तर जायच्या तयारीनंच येते इथं."

डार्कोनं सगळं सांगून टाकलं. आजी खुर्चीत बसल्या.

"त्यांनी काढला होता रे तो," त्या म्हणाल्या. "मी हसावं म्हणून कोंबडीसारखे ओरडले होते."

डार्कोला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपल्या हातून या बाईचा नवरा दुसऱ्यांदा गेला, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

आजींनी पदराला डोळे पुसले. मग एकदम विचारलं, "यादीपण गेली?"

"गेली."

"अक्राला राहणाऱ्या लेकीचं नाव? बाफूरचं?"

"सगळ्यांची गेली, आजी."

आजींनी पिशवीतून फोन काढला. "बाफूर? ऐक. माझी यादी कोरी झालीय. पहिल्यापासून लावायचीय… नाही, अजून कुणाचंच नाव नाही. तुझंही नाही. अकरावंसुद्धा नाही."

गुरुवारी अट्टाचा फोन आला. "दाजी, नशीबवान आहात. अर्ध्यात वीज गेली म्हणून वाचलं. आजी सापडल्या!"

पेनड्राइव्ह मुठीत धरून डार्को आजींच्या घरी धावत गेला. एरवी त्या ओसरीवर आजी आणि त्यांचा रेडिओ, एवढंच असे. आज पाय ठेवायला जागा नव्हती. यामच्या कंदांचा ढीग, टोपलीत धुरावलेले मासे, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. बाफूर स्वतः आजींना वारा घालत होता आणि लेक अक्राहून येऊन सूप ढवळत होती.

"आजी," डार्को त्यांच्या कानाशी लागला, "सापडला! यादीसकट!"

आजींचा चेहरा पन्नाशीतला झाला. फोटोत होता अगदी तसा. त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन पदराच्या टोकाला गाठीत बांधला, गाठ गालाला लावली. मग ओसरीकडे बघत मोठ्यानं सुस्कारा सोडला.

"बिचारा डार्को म्हणतोय, अजून काहीच हाती लागत नाही."

तेव्हापासून आजी दुकानात येत नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डार्कोच ओसरीवर जातो, सगळ्यांसमोर खिन्नपणे मान हलवतो आणि दोन कंद काखेत मारून घरी येतो.