पास्कूमामांची एकट्याची समिती

पास्कूमामा कुठल्याही सरकारी कचेरीत जाताना घरची खुर्ची घेऊन जातात. घडीची, लोखंडी, हिरव्या पट्ट्यांची. काखेत खुर्ची, गळ्यात रोझरीची माळ आणि पायांत बारा महिने पावसाळी चपला. कोळगावच्या जिल्हा कचेरीतल्या शिपायाला पहिल्यांदा ते मंडपवाले वाटले होते.

"कार्यक्रम कुठंय?" त्याने विचारलं.

"साहेबाच्या केबिनमदीच हाय," मामा म्हणाले आणि आत शिरले.

खुर्ची स्वतःसाठी नसते. बोईसरच्या कारखान्यांत राबणारा कुणी बिहारी, कुणी ओडिया मजूर तक्रार घेऊन साहेबासमोर उभा राहिला की त्याचे पाय लटपटतात आणि अर्धी तक्रार पोटातच राहते, असं मामांचं म्हणणं. म्हणून केबिनमध्ये शिरल्या शिरल्या मामा खुर्ची उघडतात, मजुराला म्हणतात, "पयले बस," आणि स्वतः बाजूला उभे राहतात. साहेबलोकांची यात फार पंचाईत होते. समोरचा माणूस खुर्चीत बसलेला असला की त्याला अरे-तुरे करणं जड जातं.

बोईसरला आमच्या बिल्डिंगमध्ये मामा तळमजल्यावर एकटे राहतात. मूळचे वसईकडचे कॅथलिक. तरुणपणी इथे फिटर म्हणून आले ते इथेच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. मी साताऱ्याकडचा, वीज प्रकल्पातल्या नोकरीमुळे इथे आलेला. माझ्याकडे स्कूटर असल्यामुळे मामांचा आणि माझा स्नेह लवकर जुळला. मागे बसून, खुर्ची आडवी धरून ते अशा थाटात निघत की समोरून येणारे रिक्षावाले आपणहून रस्ता देत.

चर्चच्या फादरांनी एकदा स्थलांतरित मजुरांसाठी समिती काढली. सुरुवातीला तिच्यात बरेच लोक होते. मग मजुरांचे प्रश्न ऐन जेवणाच्या वेळी यायला लागले आणि एकेकजण गळाला. आता मामाच अध्यक्ष, मामाच चिटणीस. "आमच्या समितीत भांडण नाय," ते अभिमानाने सांगतात.

एका नाताळात त्यांनी चर्चमधला गव्हाणीचा देखावा पत्र्याच्या खोलीत मांडला. वर निळी ताडपत्री, बाहेर पाण्याचा पिवळा कॅन. बायका खवळल्या. येशूबाळ काय झोपडपट्टीत जन्मला?

"मंग काय टू बीएचकेमदी?" मामा म्हणाले. "योसेफ रोजंदारीवरचा सुतार. भाड्याची खोली नाय मिळाली त्याला. पुढे पोराला घेऊन इजिप्तला पळाला, तवा त्याच्याकडे आधार कार्ड व्हतं?"

फादरांनी देखावा ठेवला. ताडपत्री तेवढी बदलायला लावली, कारण ती गळत होती.

मामांना हसत हसत आम्ही सगळे त्यांच्या कामाला जुंपले जायचो. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं, त्यानंतर बिल्डिंगमध्ये त्यांना कुणी हसलं नाही.

एमआयडीसीतल्या एका केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. आमच्या खिडक्यांची तावदानं हादरली. आत सापडलेल्यांतला एकजण असा जळाला होता की चेहरा ओळखू येत नव्हता. त्याच संध्याकाळी सुकांती नावाची ओडिया बाई, कडेवर लहान मुलगी घेऊन चर्चच्या आवारात आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की इथे खुर्चीवाले मामा आहेत. तिचा नवरा रंजन सकाळी कामाला गेला होता, परत आला नव्हता. तिला ना मराठी येत होतं ना हिंदी. चर्चच्या मठात ओडिशाच्या एक सिस्टर होत्या, त्या मध्ये बसून सांगत होत्या.

कंत्राटदाराने हात वर केले. म्हणाला, रंजन त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. बायको-पोरीला टाकून पळाला असेल, ही माणसं अशीच असतात. मग आत जळालेला तो कोण? कंत्राटदार म्हणाला, भंगार चोरायला शिरलेला कुणीतरी असेल. रंजनबरोबर काम करणाऱ्या पोरांना त्याने रातोरात गुजरातला दुसऱ्या साइटवर हलवलं होतं.

म्हणजे एका खोट्याने दोन माणसं मेली. एक चोर ठरला, दुसरा पळपुटा. आणि सुकांतीला रडण्याचीही सोय उरली नाही, कारण कशासाठी रडायचं तेच ठरत नव्हतं. सिस्टर मला म्हणाल्या, "ती रोज एकच विचारते. मी कुंकू ठेवू की पुसू?"

कोळगावच्या कचेरीत मामांनी खुर्ची उघडली, सुकांतीला बसवलं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "मामा, त्याला त्या दिवशी आत जाताना बघितलेलं कोणी आणा. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

बघितलेला माणूस एकच उरला होता. गेटवरचा वॉचमन, पांडेजी.

दुसऱ्या दिवशी मामा कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभे राहिले. पांडेजींना बसायला तिथे स्टूलसुद्धा नव्हतं. बसला की माणूस झोपतो, हा मालकाचा नियम. मामांनी खुर्ची उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"पयले बस."

"मामा, हमको मत फँसाइए," पांडेजी हात जोडून म्हणाले. "हमारी भी रोज़ी है. घर पे बेटी की शादी है."

"मी काय विचारलं का? बस निस्ता."

आणि मामा त्या रणरणत्या उन्हात उभे राहून मोठमोठ्याने रोझरी म्हणायला लागले. येणारे-जाणारे थांबून बघत. मी टोपी नेऊन दिली, ती त्यांनी पांडेजींच्या डोक्यावर घातली. असं रोज चाललं. पांडेजी कधी बसत, कधी पाठ फिरवून उभे राहत. एका दुपारी मामांना भोवळ आली आणि ते गेटच्या खांबाला धरून खाली बसले. पांडेजी पाण्याची बाटली घेऊन धावले. त्यांच्या तोंडावर पाणी मारता मारता पांडेजीच रडायला लागले.

"वो अंदर गया था, मामा. मैंने ही गेट खोला था. बोला, पांडेजी, बिटिया को बुखार है, आज जल्दी निकलूँगा."

हेच त्यांनी कोळगावला साहेबांसमोर सांगितलं. खुर्चीत बसून, आवाज न चढवता. सिस्टर सुकांतीच्या कानाशी वाकून एकेक वाक्य ओडियात सांगत होत्या. मुलीच्या तापाचं ऐकलं आणि सुकांतीने पदराने स्वतःच कपाळ पुसलं.

रंजनचं नाव मृत कामगारांत लागलं. प्रेत गावी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. इथल्याच स्मशानात सुकांतीने अग्नी दिला. मामा मागे उभे राहून माळ ओढत होते. पांडेजी आले नाहीत. त्यांची नोकरी आदल्याच दिवशी गेली होती. मामांनी खूप खटपट केली, कचेऱ्या पालथ्या घातल्या, पण काही उपयोग झाला नाही. पांडेजी गावी निघून गेले.  त्यांच्याबद्दल मामा एकदाच म्हणाले, "एकाला न्याय दिला, भाऊ, नि दुसऱ्याला उठवला."

दहाव्या दिवशी भावकीतल्या पुरुषांनी मुंडन करायचं, अशी सुकांतीकडची रीत. इथे तिची भावकी कुठली? सिस्टरनी हे मामांच्या कानावर घातलं, ते फक्त माहिती म्हणून. रविवारी चर्चमध्ये मिस्साला मामा आले ते गुळगुळीत डोक्याने. बायका एकमेकींना कोपरखळ्या द्यायला लागल्या. एका म्हाताऱ्याने तर तोंडावर विचारलं, "पास्कू, धर्म बदलला काय रं?"

"नाय," मामा म्हणाले. "पावणा गेला माजा."

दारात उभ्या असलेल्या फादरांनी त्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. मी बाहेर स्कूटरवर बसून हे पाहत होतो.

सुकांती मुलीला घेऊन गावी गेली. सिस्टर तिला पोचवून आल्या. नंतर त्यांचीही बदली झाली.

परवा रविवारी भाजी द्यायला मी मामांकडे गेलो, तर दार उघडं होतं आणि मामा खिडकीपाशी फोनवर बोलत होते. "आज बोंबील केलं. तिखट जरा जास्तच पडलं. गुडघा ठणकतो अजून. पोरगी जेवली का?" पलीकडून बाईच्या आवाजात भराभर काहीतरी येत होतं. मामा मान डोलावत होते, मध्येच हसत होते, मध्येच "अरे देवा" म्हणत होते. मी ताटकळत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने फोन ठेवला.

"कोण?"

"सुकांती. दर रयवारी येतो तिचा फोन."

"काय म्हणते?"

"काय ठाऊक! मला कुठे ओडिया येतं? तिला पण माजं काय कळत नाय."

"मग एवढा वेळ काय बोलता?"

मामांनी माझ्या हातातली भाजीची वाटी घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"मधी मधी ‘बापा’ म्हणते," ते म्हणाले. "तेवढं कळतं."