रेवणप्पाकाकांचा पुतण्या

रेवणप्पाकाकांना कुणी म्हणालं की आज फार ऊन आहे, तर ते आधी त्या माणसाकडे बघतात, मग आभाळाकडे बघतात आणि विचारतात, "कशावरून?" तेही सोलापुरात, मे महिन्यात, भर दुपारी.

यात कुणाला दुखवायचा हेतू नसतो. काका जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात चेकर होते. मागावरून उतरलेला टॉवेल उजेडात धरायचा आणि तुटका धागा दिसला की बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. माल चांगलाय असं खुद्द मालकानं सांगितलं तरी काकांना ते ऐकीवच वाटायचं. पुढं नोकरी संपली, टॉवेल संपले, सवय तेवढी राहिली. डाळिंबवाला गोड म्हणतो, डॉक्टर बीपी वाढलंय म्हणतो, देवळातला पुजारी कल्याण होईल म्हणतो. सगळ्यांना एकच प्रश्न. फारच नवल वाटलं तर कानडीत "हौदा?" म्हणतात. म्हणजे "असं का?" पण त्यातही विश्वास नसतोच.

हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मी चौथीत असताना वडिलांची बदली झाली, आम्ही पुण्याला गेलो आणि गाठभेट सुटली ती सुटलीच. परवा मित्राच्या वास्तुशांतीला सोलापूरला जायचं होतं, तेव्हा आई म्हणाली, "भवानी पेठेत डोकावून ये. काकू गेल्यापासून एकटेच असतात."

दार काकांनीच उघडलं. धोतर, बंडी, कपाळाला विभूती. मी पायाशी वाकलो.

"काका, मी शिवा. अण्णांचा मुलगा."

"कशावरून?"

वाकलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही. मी उठलो आणि खिशातून आधारकार्ड काढलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि परत दिलं.

"ह्या फोटूतला माणूस तू न्हाईस."

मी फोटो बघितला. मलाही तसंच वाटलं.

"तुज्या बापाच्या डाव्या हाताला काय झालतं?"

"काही नाही."

"सायकलवरनं पडला न्हवता?"

"असेल."

"असेल म्हंजे? मुलगा हाईस का शेजारी?" काकांनी मला खुर्ची दाखवली, पण बस असं म्हणाले नाहीत. "ल्हानपणी हितं आल्यावर झोपायचास कुटं?"

"गच्चीवर," मी ठामपणे सांगितलं. मला तर चांदण्यासुद्धा आठवत होत्या.

"ह्या घराला गच्ची कवाच न्हवती."

मी वर बघितलं. पत्रे होते. मग त्या चांदण्या कुठल्या? आपण चुकीच्या घरात आलोय, असं मला वाटायला लागलं. पण भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो होता आणि त्या काकूच होत्या, याबद्दल शंका नव्हती. म्हणजे घर बरोबर होतं. चुकलो असेन तर मीच.

माझी ही अवस्था बघून असेल, काकांनी दोन ताटं घेतली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

"जेवाय बस. जेवाय काय कोण असावं लागत न्हाई."

मी चटणीत दही कालवलं, बोटानं मधे आळं केलं आणि वरून तेल मागितलं. काकांचा घास थांबला.

"तुजा बापबी दह्यावर तेल मागायचा. आमच्या घराण्यात हे खूळ दुसऱ्या कुणाला न्हाई."

"म्हणजे पटलं?"

"निम्मं."

तेवढ्यात शेजारच्या अंजम्मा कालवणाची वाटी घेऊन दारात आल्या. मला बघून ओळखीचं हसल्या.

"ह्योच का तुमचा पुतण्या? दर दिवाळीला येतो म्हणता त्यो?"

मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

"मी दिवाळीला माहेरी असते बघा, म्हणून कदी गाठ पडली न्हाई," अंजम्मा मला सांगू लागल्या. "पण तुमी आणलेली शाल दावली की त्यांनी. लई उबदार हाय."

कुठली दिवाळी आणि कुठली शाल, मला काही कळेना. काकांना दुसरा पुतण्या नव्हता, एवढं नक्की. "कोणती शाल?" हे शब्द अगदी ओठांवर आले आणि माझी नजर काकांकडे गेली. त्यांनी ताटावरून मान वर केली होती. इतका वेळ मला उलटसुलट करून बघणारा हा माणूस असा गप्प बसला होता, जणू आता त्यालाच कुणीतरी उजेडात धरलंय.

"हो," मी म्हणालो. "थंडी असते ना दिवाळीत."

"सोलापुरात?"

"पहाटं," काका घाईनं म्हणाले. "पहाटं असती की."

अंजम्मांना ते पटलं. वाटी ठेवून त्या गेल्या. काकांनी माझ्या ताटात आणखी दही वाढलं, त्यावर तेल ओतलं, आणि आम्ही खाली माना घालून जेवलो.

निघताना ते कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

"तू नाशकात असतोस," चालता चालता ते म्हणाले.

"पुण्यात, काका."

"नाशकात. ब्यांकेत म्यानेजर हाईस."

मी पुण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. पण इतक्या खात्रीनं बोलताना काकांना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मान हलवली.

"आन् दोन पोरी हाईत तुला."

"मला एक मुलगा आहे."

"दोन पोरी. फुडच्या खेपंला अंजम्मा इचारील, तवा गडबडू नगंस."

रिक्षा येऊन थांबली. मी आत बसलो आणि विचारलं, "मुलींची नावं काय?"

काकांनी रिक्षाच्या दांडीला धरलं.

"थोरलीचं गौरी. तुज्या काकूनं काढून ठेवलेलं नाव हाय. आमाला काय वापराय मिळालं न्हाई." त्यांनी हात काढून घेतला. "धाकटीचं तू ठरीव."

एसटी स्टँड येईपर्यंत मी धाकटीसाठी नाव शोधत होतो.