सुभद्राची कागदोपत्री वजनवाढ

आईचं वजन नीट वाढलं तरच बाळ धडधाकट जन्मतं, हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. ते वजन आणायचं कुठून, हा शास्त्राचा विषय नाही.

लालबागच्या सुभद्राला पाचवा महिना लागला तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, गुणाजीच्या गिरणीतल्या संपाला सहावा चालू होता. पोटापेक्षा संपच जोरात वाढत होता. प्रसूतिगृहाच्या काट्यावर ती गेल्या खेपेपेक्षा किलोभर कमी भरली.

नलू सिस्टर पेचात पडली. वहीत रकाना एकच: 'वाढ'. वजन घटूही शकतं, ही कल्पना वही छापणाऱ्याला शिवलेली नव्हती.

"सुभद्राबाई, दूध, अंडी, फळं घ्यायला हवीत."

"घेते की. खंय ठेवलीत?"

तोडगा मोठ्या डॉक्टरांनी काढला. सहाव्या महिन्यात तिला बाजाराच्या पिशवीसकट तोललं. सातव्यात थोरलीला कडेवर देऊन. (थोरलीही संपातच जेवत असल्याने फारसा फरक पडेना, मग हातात रॉकेलचा भरलेला डबा दिला.) आठव्यात ती कागदावर इतकी गुटगुटीत झाली, की अशक्त मातांना मिळणाऱ्या दुधाच्या यादीतून तिचं नाव नियमानुसार कापण्यात आलं. प्रसूतिगृहाला आदर्श वजनवाढीचं प्रमाणपत्र मिळालं.

मुलगी झाली ती मुठीएवढी. पण सुदृढ मातेला मूल सुदृढच होणार. तेव्हा डॉक्टरांनी न तोलताच 'तीन किलो' लिहायला लावलं, काचेच्या पेटीची गरज नसल्याचा शेरा मारला आणि तिसऱ्या दिवशी घरी जायला फर्मावलं.

शेजारची काशीबाई कोळीण प्रसूतिगृहात बघायला आली. बाळ पाहून ती तशीच मागे फिरली आणि आपला मासळीचा तराजू उकळत्या पाण्याने धुऊन घेऊन आली.

"पावणेदोन," ती म्हणाली. "काटा मी पन मारते गो बाय. पन अर्ध्यानं नाय मारीत."

सुभद्रा उठली. टाके सांभाळत, बाळाला छातीशी धरून थेट मोठ्या काट्यावर जाऊन बसली. मागे वजनाला आलेल्या एकवीस बायकांची रांग.

"उतरा खाली," डॉक्टर ओरडले. "हे नियमात बसत नाही!"

"नियमात नसात बसत. काट्यावर तर बसलंय ना? आधी माझा खरा वजन लिवा, मग हिचा."

रांगेतल्या बायकांनी एकेक करून पिशव्या, डबे, पोरं खाली ठेवली. (एकीने पाटाही ठेवला. वरवंटा दुसरीकडे निघाला.) नलू सिस्टर त्या ढिगाकडे बघत राहिली. मग "मेमो मिळणार मला," असं पुटपुटत तिने वहीतलं 'तीन' खोडलं आणि खरा आकडा लिहिला.

मेमो मिळालाच. वर वडाळ्याला बदली.

बाळाला पेटी मिळाली, सुभद्राला दूध. एकोणीस दिवसांनी पोरगी घरी आली, ती सगळी चाळ जागी ठेवील असा आवाज घेऊन. गुणाजी तर म्हणाला, "हिला गेट मीटिंगला न्यायला हवी!"

वार्षिक अहवाल मात्र आधीच छापून गेला होता. संपकाळात गिरणगावातल्या मातांची सरासरी वजनवाढ अकरा किलो सातशे ग्रॅम. सबब, उपासमारीच्या तक्रारीत तथ्य नाही. बातमी चार ओळींची आली होती, आतल्या पानावर. ती आपण चहाबरोबर वाचलीत, 'उगाच बोंबलतात हे लोक' म्हणालात आणि आणखी एक बिस्कीट घेतलंत.