पोटावरची पचनसंस्था

लेकीचा जीवशास्त्राचा पेपर दुसऱ्या दिवशी दुपारी होता आणि मी तिचा अभ्यास घ्यायचं ठरवलं. एवढंच. माझा हेतू शुद्ध होता (हे ज्याला आधीच सांगावं लागतं, त्याचं पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल).

सहामाहीत या विषयात तिची दांडी उडाली होती. वार्षिकलाही उडाली असती, तर वर्ष वाया. आणि ही पोरगी पचनसंस्थेची आकृती काढतेय, खोडतेय, पुन्हा काढतेय!

"बाप समोर असताना कागद कशाला?" मी शर्ट काढला. "इथे काढ. जन्मात विसरणार नाहीस."

माझं पोट तसं ऐसपैस आहे. कचेरीत पार्सलं रवाना करायचं काम असल्यामुळे पत्ते लिहायचा काळा मार्करही खिशातच होता. मी पलंगावर आडवा झालो.

"यकृत कुठे काढू?" लेकीने विचारलं.

मी पुस्तक उघडून छातीवर धरलं. "हे काय, डावीकडे. काढ माझ्या डावीकडे."

"पण बाबा..."

"पण नाही नि बिण नाही. पुस्तकापेक्षा तू शहाणी?"

तिने निमूटपणे यकृत डावीकडे काढलं, जठर उजवीकडे काढलं आणि बेंबीभोवती लहान आतड्याची वेटोळी घातली. मला गुदगुल्या होत होत्या, पण शिक्षणासाठी माणसाने सोसायचं असतं. बायको दारातून बघून गेली. चक्क काही बोलली नाही. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी कौतुक!

सकाळी आंघोळ करताना कळलं, की हा मार्कर पावसात भिजणाऱ्या पार्सलांसाठीच बनवलेला असतो. साबण संपला, आतडी जागच्या जागी. शर्टाआड कोण बघतंय, म्हणून तसाच कचेरीत गेलो. आणि नेमकी त्याच दिवशी सगळ्यांची वैद्यकीय तपासणी निघाली. दुष्काळात तेरावा महिना!

"शर्ट वर घ्या," डॉक्टर म्हणाले. मी घेतला. ते बराच वेळ वाचत राहिले.

"यकृत डावीकडे?"

"पुस्तकात तसंच आहे, डॉक्टर."

"अहो, पुस्तकातला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. त्याची उजवी बाजू तुम्हाला डावीकडे दिसते." त्यांनी लाल पेन घेऊन माझ्या पोटावर बाण मारले. "यकृत इकडे, जठर तिकडे. अपेंडिक्सही चुकलंय. ऑपरेशनची वेळ आली तर हे पुसून जा हं."

माझ्या पोटात गोळा आला (कुठल्या बाजूला, ते आता सांगवत नाही). पोरगी पेपरात हेच काढणार! रक्तदाब राहिला, वजन राहिलं, मी शर्ट खोचत रिक्षा पकडली.

शाळेच्या फाटकाशी मुलींचा घोळका पुस्तकं चाळत उभा होता. मी हाक मारली. लेकीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग सांगायचं कसं? मी शर्ट वर केला.

"यकृत उजवीकडे!" मी ओरडलो. "लाल बाण बघ! लाल बाण!"

"ओ साहेब, शर्ट खाली!" वॉचमन काठी घेऊन धावला.

मुली खिदळल्या. लेक तरातरा माझ्याजवळ आली. तिचे कान लाल झाले होते.

"बाबा, यकृत उजवीकडे असतं. मला माहीत आहे."

"मग काल बोलली का नाहीस? माझा जीव टांगणीला!"

"आई म्हणाली, रंगव तू. पोट भरेपर्यंत तरी ते शिकवणार नाहीत." तिने माझा शर्ट खाली ओढला. "सहामाहीला शिकवलं होतंत ना तुम्ही!"