माणूसघाण्या कणांची कढई

एका जंगलात भांडण जुंपलं होतं. बाळांनो, आपल्याला पोचायला जरा उशीर झाला.

“तुमचे कण माणूसघाणे आहेत, आक्का!” कोल्हा ओरडत होता. तो सिंहमहाराजांचा वेगवाढ सल्लागार.

“माणूसघाणे नाहीत, शहाणे आहेत,” तानाक्का म्हणाली. ती म्हातारी साळिंदर. महाराजांच्या गुहेला द्यायच्या रंगासाठी चीक तीच बनवायची. शाळा तिने पाहिली नव्हती. कढईपुढे बसून शिकली होती.

कढईत पाणी होतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कण. प्रत्येकाच्या अंगावर ऋणभार, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहत. पाण्यातला एखादा चळवळ्या तुकडा कणात शिरला, की कण वाढू लागे; सगळे पुरेसे वाढले, की चीक तयार. त्या तुकड्यावरही ऋणभारच.

“तिथंच घोडं अडतं!” कोल्हा म्हणाला. “सारखे भार एकमेकांना ढकलतात. पाहुणा दारातच थांबतो. भार दाबा, दुपारपर्यंत चीक तयार!”

“पाहुणा दारात थांबत नाही, कोल्होबा. तो आधी पाण्यात शेपूट वाढवतो. शेपटी पाण्याला सोसेनाशी झाली, की भार असो नसो, आत घुसतो. वेळ जातो तो शेपटीपायी. चिमूटभर मीठ टाकून मी पाहिलंय. भार दबला, वेळ तेवढाच लागला.”

“चिमूटभर म्हणे!” कोल्हा हसला.

महाराजांनी फर्मावलं, कोल्ह्याचा चीक दुपारपर्यंत झाला तर कढई कोल्ह्याची. तानाक्काने चंबूगबाळं आवरायचं.

कोल्ह्याने पोतंभर मीठ ओतलं. “आता कुणी कुणापासून लांब राहणार नाही!”

कुणी राहिलं नाही. घटकाभरात ढवळणी अडकली. वर पाणी, तळाला एकच गोळा. रेड्याने ओढला, हलेना.

“लाखो कणांचा एक झाला, महाराज,” कोल्हा म्हणाला. “तोही दुपारच्या आत!”

दरबाराने टाळ्या वाजवल्या. महाराजांनीही वाजवल्या. मग विचारलं, “हा भिंतीला कसा लावायचा?”

“ते, महाराज, आक्कांनी आधीच कणांना वाईट सवयी...”

तानाक्काने काटे फुलवले. दरबार चार पावलं मागे सरला आणि सगळ्यांना नीट श्वास घेता आला. कोल्ह्याने महाराजांसाठी आधीच लिहून ठेवलेला अहवाल उघडला. तात्पर्याची शेवटची ओळ तेवढी कोरी होती. ती तानाक्काने सांगितली.

तात्पर्य: “सगळ्यांनी एक व्हावं, म्हणजे कुणालाच वाढावं लागत नाही. लिहून झालं असेल, तर कोल्होबा, माझी कढई खरवडून दे.”