जाण्यापुरतं पेट्रोल

जीपमध्ये पेट्रोल किती आहे असं विचारलं, तर वामनराव डोंगरवार लिटरमध्ये उत्तर देत नसत. गावांमध्ये देत. ड्रायव्हरची सीट उचलायची, तिच्याखालच्या टाकीचं झाकण फिरवायचं, बांबूची एक काडी आत सोडायची, ती वर काढून उन्हात धरायची आणि जाहीर करायचं, "बुटीबोरी." म्हणजे जीप बुटीबोरीला जाऊन परत आमच्या मोहल्ल्यात, सक्करदऱ्याला येईल. काडीवर चाकूनं खाचा पाडलेल्या होत्या. खालून वर खापरखेडा, बुटीबोरी, उमरेड, रामटेक. टाकी गळ्यापर्यंत भरली, की पवनी.

या सगळ्या गावांच्या खाली आणखी एक खाच होती. तिला नाव नव्हतं. पेट्रोल त्या खाचेला टेकलं की वामनराव सीट खाली टाकत आणि म्हणत, "खतम." मी म्हणे, काका, अजून चार बोटं ओली आहे काडी. ते म्हणत, "ते पेट्रोल नाही गा. ते दुसरं आहे."

मी त्या वेळी मोहल्ल्यातल्या युवक संघटनेचा चिटणीस होतो आणि पत्रकं लिहीत असे. जगात जे जे चुकतं आहे ते आठ ओळींत आणि जाड टायपात सांगता येतं, असं माझं मत होतं. आजही ते फारसं बदललेलं नाही.

वामनराव आमच्या समोरच राहत. बायको बरीच वर्षं आधी गेलेली, एक मुलगी लग्न होऊन कुठेशी दिलेली, घरात ते एकटे आणि अंगणात मिलिटरीनं मोडीत काढलेली जीप. ती ते भाड्यानं चालवत. तिच्यात बसणं ही एक परीक्षा होती. आधी ते माणसाला पायापासून डोक्यापर्यंत पाहत आणि वजन सांगत, तेही त्यांच्याच मापात. "तू बसला तर रामटेक होते. तुहा मामा बसला तर अलीकडे मनसरलेच उतरा लागते." माझे मामा त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

चपला काढून घरी ठेवायला लावत. जीपचं ताडपत्रीचं छत त्यांनी कधीच उतरवलं होतं. पुढची काच बॉनेटवर पाडून ठेवत, कारण काच वारा अडवते आणि वारा पेट्रोल खातो. त्यामुळे उमरेडला पोचेपर्यंत प्रवाशाच्या दातांवर वाटेतल्या प्रत्येक शिवाराची माती बसलेली असे. उतार आला की इंजिन बंद. जीप आवाज न करता घरंगळत निघे आणि वामनराव पूजेला बसल्यासारखे डोळे अर्धे मिटून घेत. "पेट्रोल इंजिन नाही जाळत गा," ते म्हणत, "पाय जाळते." त्यांचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर असा ठेवलेला असे, जसा कोणी झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा.

चिखलात जीप रुतली तरी ते पुढच्या चाकांचा गिअर टाकत नसत. तो टाकला की जीप दुप्पट पिते. "उतरा अन् लोटा," ते प्रवाशांना सांगत. "तुमचं वजन कमी होते, अन् तुमचं पेट्रोल अलग आहे. सकाळी तर्रीपोहे खाल्ले ना?"

मग पेट्रोल कडाडलं. पंपावर रांगा लागल्या, कित्येकदा नुसती पाटी लागलेली असे. मी संतापून लिहायला बसलो आणि 'मोहल्ल्यातील साठेबाजांना जाहीर सवाल' हे पत्रक काढलं. नाव कोणाचं घातलं नाही, पण 'सीटखाली चार बोटं दडवणारे' असा स्पष्ट उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी मला हाक मारली. मी भांडणाच्या तयारीनं गेलो.

"हे तूच लिहिलं काय?"

"हो. आणि शब्द मागे घेणार नाही."

"नको घेऊ. आणखी वीस आहेत काय? कागद मस्त आहे, प्लग पुसाले कामी येते."

असल्या माणसाशी लढायचं कसं, हे कोणत्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

आमची त्या वर्षीची मुख्य मागणी बसची होती. उमरेडच्या पुढे एका फाट्यापासून आत नऊ मैलांवर धामणखेडी नावाचं गाव होतं. बस फाट्यावर माणसं टाकून निघून जाई. बाळंतीण असो की म्हातारा, नऊ मैल पायी. आम्ही निवेदनं दिली, पत्रकं वाटली, उपोषणाची धमकी दिली. बसच्या कचेरीतल्या साहेबांचं एकच उत्तर, रस्ता बसच्या लायकीचा नाही. मी विचारलं, तुम्ही पाहिला आहे का? ते म्हणाले, नकाशात पाहिला आहे. चार महिने मागे लागल्यावर ते एकदाचे म्हणाले, बरं, शनिवारी येतो. सोमवारी त्यांची बदली होती.

शनिवारी सकाळी कचेरीच्या गाडीत पेट्रोल नव्हतं. शहरात एकाही पंपावर नव्हतं. साहेब जेवणाचा डबा घेऊन पायरीवर उभे, आणि गाडी नाही म्हणून घरी जायला मोकळे झाल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. त्यांना तिथेच थोपवून मी सायकल दामटत वामनरावांकडे गेलो.

त्यांनी काडी टाकली. ती बरोबर शेवटच्या खाचेपर्यंत ओली होती.

"खतम," ते म्हणाले.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हणालो, "काका, गावचं गाव नऊ मैल तुडवून राहिलं आणि तुम्ही चार बोटं राखून बसले. कोणासाठी? वर घेऊन जाणार आहात काय?"

"कोणतं गाव म्हणतं?"

"धामणखेडी. चार महिने तेच ओरडून राहिलो. पत्रक वाचलं नाही काय?"

"मी मागची बाजू वापरतो," वामनराव म्हणाले.

मग त्यांनी काडी पुन्हा टाकीत सोडली. एकदा मोजलेलं पेट्रोल दुसऱ्यांदा मोजताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरात गेले, धुतलेला सदरा घालून आले आणि म्हणाले, "बस."

कचेरीपाशी त्यांनी साहेबांना बराच वेळ न्याहाळलं. साहेब देहानं भरभक्कम होते. "साहेब, बूट," वामनराव म्हणाले. साहेबांनी बूट चपराशाकडे दिले. ते इतक्या मुकाट्यानं का दिले, हे मला आजवर कळलेलं नाही. डबा मात्र त्यांनी सोडला नाही.

त्या दिवशी वामनरावांनी जशी जीप चालवली, तशी कोणी चालवलेली मी पाहिली नाही. प्रत्येक उतार त्यांनी शेवटच्या हातापर्यंत वापरला. ब्रेक बहुतेक लावलाच नाही, समोर म्हैस आली तर दुरूनच तिची विनवणी केली. फाट्यावरून आत वळल्यावर रस्ता संपला आणि दगड सुरू झाले. दोन नाल्यांत आम्ही रुतलो, दोन्ही वेळा साहेब अनवाणी उतरून माझ्या शेजारी जीप लोटत होते. दुसऱ्या नाल्यात ते पहिल्यांदा आपण होऊन बोलले. "इथून बायका चालत जातात?"

"पोटुशा बी," वामनराव पुढून म्हणाले.

गावाच्या विहिरीपाशी जीपनं दोन आचके दिले आणि ती थांबली. वामनरावांनी उतरून घरांकडे पाहिलं, मनाशी अंतर मोजलं. "दोनशे पावलं कमी पडली," ते म्हणाले. "साहेबाच्या डब्यानं घात केला."

तेवढ्यात विहिरीवरची एक बाई घागर तशीच टाकून धावत आली. "बाबा? काहून आले? बरं आहे ना सगळं?"

"मले काय धाड भरली. साहेबाले रस्ता दाखवाले आलो, शेवंता. तू काहून वाळली वं इतकी?"

मी समोर राहणारा माणूस. सगळ्या जिल्ह्याची दुःखं छापत होतो आणि शेवंताचं सासर धामणखेडी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या लग्नानंतरच्या सहा वर्षांत वामनराव या गावात आले नव्हते. दिवाळीला ती चार दिवस येई, तेवढंच. बोलावल्याशिवाय बापानं लेकीच्या सासरी जाऊ नये, हे त्यांनी पक्कं धरलेलं. पण कधी निरोप आला, की काही कमीजास्त झालं, लवकर या, तर पंपाकडे न बघता निघता यावं, म्हणून ती चार बोटं. काडीवरच्या बाकी गावांचं माप जाऊन येण्याचं होतं. धामणखेडीचं फक्त जाण्याचं.

"आणि परत कसं यायचं?" हा प्रश्न मी नाही, साहेबांनी विचारला.

"साहेब, जायचा रस्ता पाहून झाला," वामनराव म्हणाले. "आता यायचा पाहा."

शेवंताच्या सासऱ्यानं बंडी जुंपली. साहेब आणि मी नऊ मैल बैलांच्या मागे बसून फाट्यावर आलो. दोन मैलांवर साहेबांनी कंबर धरली, चार मैलांवर सरकारला शिव्या घालायला सुरुवात केली, आणि मी त्या सगळ्या मनात टिपून घेतल्या. त्यांनी रविवारी घरी बसून शिफारस लिहिली. तेवढी कडक भाषा माझ्या एकाही पत्रकात नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी महत्प्रयासानं पेट्रोलचा एक डबा मिळवला आणि बंडीनं धामणखेडीला गेलो. वामनराव ओसरीवर नातीचे केस विंचरत बसले होते. डबा पाहून त्यांचा चेहरा पडला.

"काहून इतकी घाई केली गा?"

पावसाळा संपल्यावर रस्त्यावर मुरूम पडला आणि बस धामणखेडीला जायला लागली. मी विजयाचं पत्रक काढलं आणि पहिली प्रत वामनरावांना द्यायला गेलो. ते सीट उचलून बसले होते. मी म्हणालो, "काका, आता ती खालची खाच घासून टाका. बस आहे."

"बस चार वाजता सुटते," ते म्हणाले. "पोरीनं पाच वाजता बोलावलं तर?"

 त्यांच्या हातात चाकू होता. शेवटच्या खाचेच्या अर्धा बोट वर त्यांनी एक नवी खाच पाडली, फुंकर मारून भुसा उडवला आणि काडी उन्हात धरून पाहिली.

"हे कोणतं गाव?" मी विचारलं.

"गाव तेच," वामनराव म्हणाले. "तू सोबत असला तर. पत्रकं नाही धरली त्यात."